उद्या काढणे

बोट एंटरवर होते, काकू, आणि भरलेल्या जागेचा आकडा सत्त्याण्णव टक्के. (नमस्कार. तुमच्या कंबरेचे शेवटी विचारते.) शंभर झाला की इस्पितळात एकही नवा एक्स-रे साठवता येणार नव्हता, आणि बाहेर बाकांवर चाळीस माणसे हातपाय सांभाळत बसली होती.

काका निवृत्त झाले आणि त्यांच्या शब्दावर त्यांची खुर्ची मला मिळाली. सोबत त्यांची वही. इस्पितळाचा डेटाबेस म्हणजे एकच ढीग होता. मी गेल्या महिन्यात जागा वेगळ्या केल्या: रुग्णांची नावे एकीकडे, ती शोधायच्या सूची दुसरीकडे, एक्स-रेची चित्रे तिसरीकडे. प्रत्येकीला कुंपण घातले. पुढच्या वाढीचे माप वहीतून घेतले. वही जुन्या यंत्राच्या काळातली. तिच्यात वर्षाची म्हणून लिहिलेली वाढ नव्या यंत्राने तीन आठवड्यांत संपवली. आता नावांच्या जागेत वारा खेळतो, चित्रांच्या जागेत मुंगीला शिरायला वाव नाही, आणि एकीचे रिकामेपण दुसरीला आपोआप मिळत नाही. (आपल्या दोन्ही आत्यांच्या कपाटांसारखे.)

साहेबांकडे नवी डिस्क मागितली. ते म्हणाले, "आधी आहे ते आवर." आवरायला गेले तर चित्रांच्या जागेत दोन मोठे तक्ते. एक 'एक्सरे_मुख्य'. दुसरा 'उद्या_काढणे', काकांनी सहा वर्षांपूर्वी केलेला. तो उद्या उलटून गेला, असे समजून मी पुसण्याचा हुकूम टाईप केला. (राखीव प्रत असते, पण ती परत भरायला तीन दिवस लागतात आणि मला घरी पाठवायला तीन मिनिटे.)

आमच्याकडे पुसण्याआधी दुसऱ्या कोणीतरी तक्त्याचे नाव मोठ्याने वाचायचे असते. एक्स-रे काढणारे गृहस्थ दारात उभेच होते. त्यांना सगळे 'श्वास रोखा' म्हणतात. त्यांनी वाचले. मग म्हणाले, "पुसा खुशाल. पण आधी माझे अकरा वाजताचे मनगट द्या. बाई बाहेर रडतेय."

मनगट शोधले. ते 'उद्या_काढणे'मध्ये होते. कालची बरगडी, परवाची कवटी, नव्या यंत्राची सहा वर्षे, सगळे तिथेच. 'मुख्य'मध्ये तेव्हापासून कुणी फिरकलेले नाही.

बोट उचलले. शेजारी काही हालचाल नाही, म्हणून पाहिले. श्वास रोखांनी श्वास रोखला होता.

"सोडा," मी म्हणाले.

नावांच्या जागेतला मोकळा तुकडा कापून चित्रांना जोडायला घेतला. अर्धा तास लागला. तेवढ्यात आकडा अठ्ठ्याण्णव, मग नव्व्याण्णव. मग एकदम चौऱ्याहत्तर. बाकांवर कुणाला काही कळले नाही.

तुमची,
पुतणी

ता. क. कंबर कशी आहे?

ता. क. २. खरे काम असे. 'मुख्य' काढू का, एवढे काकांना विचारा. मी फोन केला की ते "वहीत बघ" म्हणून ठेवून देतात. वही चुकली हे सांगू नका. चहा हातात देऊन मग विचारा.

ता. क. ३. (सकाळी.) पत्र पाठवायच्या आतच आठ वाजता काका इथे हजर. श्वास रोखांच्या पोटात काही राहत नाही. 'मुख्य'मधल्या जुन्या चित्रांची ठेवायची मुदत संपली आहे, असे साहेबांना सांगून काकांनी रजिस्टरवर सही केली आणि तो स्वतः पुसला. नाव मी वाचले. आकडा एकेचाळीस. नऊ वाजता एक्स-रेची खोली उघडली, पहिले चित्र साठले. काका माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आहेत. जेवायला त्यांची वाट पाहू नका.