चाकामागं कुणी नव्हतं

माय, परवा नातीच्या गाडीतून येलदरीचं धरण बघायला गेले आणि चढावर तुझ्या आठवणीनं जीव कासावीस झाला. निजामाचं राज्य होतं तेव्हा इथं धरण नव्हतं, सडकही धड नव्हती. होती ती कापसाच्या गठाणी भरलेली शेठची लॉरी, ती चालवणारे आबा, आणि घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून आत बसवलेली मी. लॉरीचा हातब्रेक नावालाच. चढावर इंजिन बंद पडलं की आबांचा एक पाय ब्रेकवर, दुसरा क्लचवर. रेस द्यायला तिसरा पाय आणायचा कुठून? म्हणून तू उटी, म्हणजे बाभळीच्या लाकडाचा ठोकळा, घेऊन खाली उतरायचीस आणि मागच्या चाकाला लावायचीस. एकदा निघालेली लॉरी चढ संपेपर्यंत थांबवता यायची नाही. तू ती उटी काखेत मारून धूळ खात मागून चालत यायचीस.

त्या दिवशी उटी निसटली. लॉरी मागे यायला लागली, आणि बाजूला व्हायचं सोडून तू गुडघे टेकून उटी पुन्हा चाकाखाली सारलीस. लॉरी थांबली. आबा उडी टाकून खाली आले ते ओरडतच.

"मरायचं हाय का तुला? पळायचं सोडून हात काय घालायलीस?"

"पोरगी आत हाय की," तू लुगडं झटकत म्हणालीस.

तेव्हापासून चढ आला की माझे पाय आवळतात, गाडी कुणाचीही असो. परवा पुढं उसाची ट्रॉली अडली आणि नातीनं ऐन चढावर गाडी थांबवली. तिनं ब्रेकवरचा पाय उचलला तशी मी ओरडले, "अगं, मागं जाईल! उटी लावा कुणीतरी!"

ती हसायलाच लागली. "आजी, घाबरायलीस कशाला? चढ हाय हे गाडीला कळतंय. पाय काढला तरी थोडा वेळ ब्रेक तीच धरून ठेवती. तेवढ्यात आपण रेस द्यायची."

गाडी बोटभरही मागे सरकली नाही. मी मान वळवून पाहिलं, मागं नुसती मोकळी सडक. आता कुणाच्याच मायला चाकामागं उभं राहायला नको. इतकं हलकं वाटलं की रडूच फुटलं.

हे पत्र कुठं धाडणार, माय? उशीखाली ठेवते. एक मात्र नातीला सांगितलेलं नाही. परतताना दुसरा चढ लागला, तेव्हा मळमळतंय असं खोटंच सांगून मी तिला मधेच गाडी थांबवायला लावली. मला ते पुन्हा एकदा बघायचं होतं.