पुढचं चाक माझ्याकडे आहे

पिंकी,

सायकलचं पुढचं चाक मी लोहगडवाडीला घेऊन गेलोय, शोधत बसू नकोस. भाकरी झाकून ठेवलीय, ती खा. वाडीतल्या पोरांना आज परीघ शिकवायचाय, पण चाक नेण्याचं खरं कारण ते नाही. आज तू घाट उतरू नयेस म्हणून नेलंय.

काल सायकल पुसताना तू शिकवलंस तसं नाण्याने वाजवून पाहिलं. सगळी फ्रेम खणखणीत वाजते, वरच्या दांड्याच्या मधोमध मात्र भद्द आवाज येतो. तिथे बोट फिरव, केसाएवढी चीर हाताला लागेल. तुझी फ्रेम कार्बनची आहे, आणि कार्बन लोखंडासारखा आधी वाकत नाही, एकदम तुटतो.

पप्पा म्हणतील, "नाव न्हाई, गाव न्हाई, स्वस्तातली घेतली की असंच व्हायचं." तू गप्प राहा. मोठ्या कंपन्या सोडून ही फ्रेम आपण दोघांनी माप आणि वजन बघून निवडली, ती निवड चुकलेली नाही. रविवारी शर्यतीहून येताना पप्पांनी पिकअपमध्ये सायकल जिथे बांधली होती, चीर नेमकी तिथेच आहे. पेंढ्याची गाडी आवळतात तसा त्यांनी दोरीला काठीने पीळ दिला होता. कुठलीही कार्बनची फ्रेम त्यात चेपली असती.

हे त्यांना संध्याकाळी मी सांगेन. तू भांडणात बोललीस, तर ते पुन्हा तुझ्या सायकलीला हात लावणार नाहीत. आणि जरा आठव, कामशेतपर्यंत तूच पिकअपमध्ये मागे बसून ओरडत होतीस, "पप्पा, हलतेय, अजून आवळा!"

आबा