कुंकू लावलेल्या नऊ फ्लॉप्या

प्रिय अण्णा,

उद्या खंडेनवमी. आईनं पूजेचा पाट धुऊन अंगणात उभा केलाय. मघाशी तिनं मला विचारलं, "तुझ्या त्या काळ्या चकत्या आणल्यास का गं? गेल्या साली किती हौसेनं पूजल्या होत्या त्यांनी." मी काहीतरी पुटपुटले आणि वही घेऊन ओसरीवर येऊन बसले. तिला खरं माहीत नाही. तुम्हालाही मी कधी सांगितलं नाही. श्रावणात तुम्ही गेलात आणि आता मला लिहायचं धाडस होतंय, कारण तुम्ही उत्तर देणार नाही. भित्री निघाली तुमची पोरगी.

तर ऐका. तुमच्या विहिरी गेल्या, अण्णा. गेल्या दसऱ्यालाच गेल्या. "सगळं आहे" असं मी दहा महिने तुम्हाला सांगत राहिले, ते खोटं होतं.

तीस वर्षं तुम्ही सायकलला दोर बांधून हिंडलात. शाळा सुटली की एखाद्या गावाची वाट धरायची, दोराला दगड बांधून विहिरीत सोडायचा आणि गाठी मोजायच्या. किती परस खोल, पाणी किती, झरा कुठल्या अंगाला, खडक कुठं लागला, बहात्तरच्या दुष्काळात टिकली की आटली. पोखर्णीपासून पूर्णेपर्यंत अशी विहीर नसेल जिच्यात तुम्ही वाकून बघितलं नाही. आई म्हणायची, "लग्न माझ्याशी लागलं, पर जीव सगळा आडात." तुम्ही हसायचात आणि दोराच्या गाठी तपासत बसायचात.

वह्यांना वाळवी लागली तेव्हा शहाणपणा मीच केला. परभणीत कॉम्प्युटरवर टायपिंगची कामं करून देणाऱ्या दुकानात मी नुकतीच लागले होते, त्याचा तोरा होता. "अण्णा, सगळं कॉम्प्युटरात घालू. मग वाळवीचा बाप आला तरी काही होणार नाही," म्हटलं. मालकांनी रविवारची परवानगी दिली. चार महिने दर रविवारी तुम्ही सकाळच्या एस.टी.नं पिशवीत वह्या घालून येत होतात. तुम्ही सांगायचं, मी टाइप करायचं. वाळवीनं पान खाल्लेलं असायचं तिथं तुम्ही अडायचाही नाहीत. डोळे मिटून विहीर बघायचात आणि पुढं सांगायचात. मी एकदा विचारलं, मग वही आणता कशाला? तुम्ही म्हणालात, "हातात काही नसलं की सांगायला सुचत न्हाई मला. मास्तर हाय मी."

सगळं तुमच्या डोक्यात होतं. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि नंतर सोयीस्कर विसरले.

आणि तुमचं ते जास्तीचं! झरा ईशान्येला, पाणी गोड, आणि लगेच, "मालकीण ताक दिल्याबिगर जाऊ देत न्हाई." कुठं सहावी पायरी निखळलेली, जपून उतरावं. कुठं दोन भाऊ पाण्यावरून भांडले ते. यातलं मी काहीच घेत नव्हते. "अण्णा, हे माहितीत बसत नाही. रकाने ठरलेत." आपल्या विहिरीची पाळी आली तेव्हा तुम्ही खोली सांगितलीत, झरा सांगितलात आणि म्हणालात, "पुढं लिही, यात माझी शालू भोपळा बांधून पवायला शिकली." मी वैतागले. मालक वाचतील, हसतील असं वाटलं. "असलं लिहीत नसतात," म्हटलं. तुम्ही "बरं" म्हणालात आणि पुढची विहीर सांगायला लागलात.

काम संपलं तेव्हा उरल्यासुरल्या वह्या तुम्ही न्हाणीतल्या बंबात घातल्या. वाळवी घरभर होईल, जाळून टाका, असं मीच म्हटलं होतं. त्या पाण्यानं अंघोळ करून तुम्ही आईला म्हणालात, "आज तीस वर्षांचं पाणी डोक्यावर घेतलं." आम्ही दोघी हसलो.

मग मालकांनी मशीनमध्ये नवी डॉस टाकायचं ठरवलं, तीही दसऱ्याच्या मुहूर्तावर. डॉस म्हणजे काय हे तुम्ही विचारलं होतं तेव्हा मी सांगितलं होतं, मशीनची अक्कल. ती बदलायची तर आतलं सामान आधी बाहेर काढायचं, डिस्क पुसायची, नवी अक्कल घालायची आणि मग सामान परत आत भरायचं. दुकानाच्या कामाचे आम्ही फ्लॉप्यांवर दोन-दोन संच काढले. तुमच्या विहिरींचा एकच काढला, नऊ फ्लॉप्यांचा. कोऱ्या संपल्या होत्या आणि मालकांकडं आणखी मागायची मला लाज वाटली.

त्या नऊ मी खंडेनवमीला घरी आणल्या, कारण तुमचा हट्ट होता. "दोराची पूजा दरसाली करतो. आता माझ्या विहिरी त्या चकत्यांत हायत, तर पूजा त्यांचीबी झाली पायजे."

मी आत आईजवळ पुरण वाटत होते. तुम्ही ओसरीवरून विचारलंत, "कुंकू लावू का गं यांना?" मी आतूनच म्हणाले, "लावा." दुकानाच्या भिंतीवर माझ्याच अक्षरातली पाटी आहे, फ्लॉपीच्या खिडकीला बोट लावू नये. ते एवढं वाक्य मला घरी सुचलं नाही. मला वाटलं, तुम्ही वरच्या कागदी पाकिटाला लावाल. पण तुम्ही कसले! कागदाला कुंकू लावून काय पूजा होते? तुम्ही पाकिटं काढून बाजूला ठेवलीत. त्या काळ्या चौकोनात तुम्हाला कपाळासारखी दिसली ती नेमकी खिडकी, म्हणजे आतली चकती उघडी असते ती जागा. नऊच्या नऊ फ्लॉप्यांना तिथं पाण्यात कालवलेलं हळदकुंकू लावलंत, वर अक्षता वाहिल्यात. वाळल्यावर अक्षता झटकून एकेक परत पाकिटात घातलीत, नंबरवारीनं. मी त्या तशाच पिशवीत टाकून परभणीला नेल्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानाचं सगळं काम नव्या डॉसमध्ये सुरळीत परत आलं. मग तुमची पहिली फ्लॉपी घातली. मशीन खरखरलं आणि वाचता येत नाही म्हणालं. बाहेर काढून बघितली, तर खिडकीत लाल. दुसरी काढली, तिसरी काढली. कापसानं पुसायला गेले तर कुंकवाचे कण आणखी आत गेले आणि चकतीवर ओरखडे उठले. मालक ओरडले, "हे कुणी केलं?" मी म्हटलं, माझ्याच हातून सांडलं. संध्याकाळपर्यंत नऊही फ्लॉप्या वाया गेल्या होत्या आणि मशीनच्या डिस्कवर तर आधीच काही शिल्लक नव्हतं.

पहिला आठवडा मी गप्प राहिले तो तुमच्यासाठी. तुमच्याच बोटानं हे झालं असं तुमच्या तोंडावर कसं सांगू? पण नंतर जे गप्प राहणं होतं ते माझ्यासाठी होतं, अण्णा. एकच संच काढणारी मी. वह्या जाळा म्हणणारी मी. आतून "लावा" म्हणणारीही मीच. तुम्हाला सांगितलं असतं तर हे सगळं सांगावं लागलं असतं.

तुम्ही दर खेपेला विचारायचात, "बरं हाय ना माझ्या विहिरींचं?" मी म्हणायची, हो अण्णा. "एकदा कागदावर काढून आण की." मी म्हणायची, प्रिंटरची रिबीन संपलीय. दहा महिने रिबीन संपलेली असते का कुठं? वर्गातल्या पोरांची खोटी पोटदुखी तुम्हाला दारातून ओळखू यायची. मला एकदा तरी खडसावून विचारायचं होतं तुम्ही!

जानेवारीत विद्यापीठाच्या नामांतराच्या वेळी एस.टी. बंद होती आणि मी घरी अडकले. तीन दिवस आपण उन्हात बाजेवर बसून शेंगा फोडल्या. तुम्ही म्हणालात, "रिकामीच बसलीस तर घे काहीतरी लिहायला." मी म्हटलं, आता काय लिहायचं राहिलंय? त्या तीन दिवसांत निम्म्या विहिरी झाल्या असत्या.

आणि दवाखान्यातली ती दुपार. आई डबा आणायला गेली होती. तुम्ही डोळे मिटून बोलायला लागलात, एका गावाचं नाव, मग दुसऱ्या. नऊ परस, झरा उगवतीला. सात परस, बहात्तरला आटली. मध्येच डोळे उघडून म्हणालात, "लिहून घेतीस का माय? काही राहिलं असंल तर." माझ्या पिशवीत पेन होता. वहीही होती. मी ती काढली असती तर तुम्हाला कळलं असतं की राहिलं नाही, सगळंच गेलंय. मी तुमच्या अंगावरची चादर सारखी केली आणि म्हणाले, "सगळं आहे अण्णा, तुम्ही पडून राहा." तुम्ही माझ्याकडं जरा वेळ बघितलंत. मग "बरं" म्हणालात.

तुम्हाला कळलं होतं का, अण्णा? मी त्या "बरं"चा अर्थ लावून लावून थकले.

काल सखारामकाका आले होते, ओढ्यापलीकडच्या मळ्यातले. म्हणाले, "माझ्या बापाच्या हिरीचा जिता झरा कुठल्या अंगाला हाय ते गुरुजींनी लिहिलंय. हीर बुजवून लय वर्सं झाली. पोरगा बोअर मारायचा म्हनायलाय. तेवढं बघून सांग, बाई." मला आणखी एक खोटं सुचत होतं. पण का कोण जाणे, त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, "कवा झालं हे?" गेल्या दसऱ्याला, म्हटलं. ते म्हणाले, "मग गुरुजी तर श्रावणापस्तोर होते की. त्यांनाच इचारायचं पुन्यांदा. त्यांनी काय न्हाई म्हणलं असतं व्हय?"

ते रागावले नव्हते. चहा पिऊन "असू दे" म्हणाले आणि गेले. मी त्यांच्या चहाची बशी हातात घेऊन तशीच उभी होते. तुम्ही नाही म्हटलं नसतं. तुम्ही पिशवी घेऊन पुन्हा पहिल्या रविवारच्या एस.टी.त बसला असतात. कदाचित कुंकवाचं ऐकून आधी हसलाही असतात.

आता तुम्हाला वचन देते. आज संध्याकाळी आईला सगळं सांगणार. उद्या पाटावर फक्त तुमचा दोर ठेवणार. आणि दसऱ्यानंतर, नोकरीला सुट्टी असेल त्या दर रविवारी, सायकल काढून एकेका गावाला जाणार. बुजलेल्या विहिरी मला मोजता येणार नाहीत, बहात्तरचं पाणीही आता कुणी सांगू शकत नाही. आज आहे ते मोजीन. म्हातारी माणसं सांगतील ते सगळं लिहीन, ताकासकट. वहीत लिहीन, कॉम्प्युटरातही घालीन आणि संच दोन काढीन.

सुरुवात सकाळीच केलीय. आपल्याच विहिरीत दोर सोडला, तुमच्यासारखा दगड बांधून. गाठी मोजताना दोनदा चुकले. पहिल्या पानावर खोली लिहिली, पाणी लिहिलं, झऱ्याची दिशा लिहिली. आणि रकाना वगैरे काही न आखता पुढं तुम्ही सांगितलं होतं ते लिहिलं: यात गुरुजींची शालू भोपळा बांधून पोहायला शिकली.

तुमची,
शालू