झिंग्याच्या पोटातलं निळं

जांभूळटोला, ता. रामटेक
६ नोव्हेंबर १९८३

ती. देवराव भाऊजी यांस,
धाकटी मेहुणी सुभद्रा हिचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. सिंधूताईने पाठवलेलं लुगडं सासूबाईंनी दिवाळीला नेसलं आणि सगळ्या ढीवरपुऱ्यात मिरवून आल्या. तुमचा कारखाना आमच्या तळ्याकाठी आल्यापासून बायांना मजुरीसाठी रामटेक गाठावं लागत नाही. मशीनवर प्लास्टिकच्या जुन्या बादल्या-टब दळायचे आणि तुकडे तळ्यात धुवायचे, एवढंच काम, तेही सावलीतलं. रोज तुमचं नाव निघतं. म्हणून पुढचं लिहायला हात धजत नव्हता.

भाऊजी, तळ्यातले झिंगे कमी झाले. आहेत ते हडकुळे, मादीच्या पोटाखाली अंडी दिसत नाहीत. झिंगा काचेसारखा असतो, आतलं सगळं दिसतं. परवा सासूबाईंनी एक तळहातावर घेऊन दाखवला. त्याच्या आत निळं होतं. आपल्याच बादल्यांचं निळं. त्या एवढंच बोलल्या, "आपन काय चारून राहिलो वं त्याले?"

हे नागपूरला येत आहेत. त्यांच्याबरोबर बाटलीत थोडे झिंगे पाठवते. तुम्हीच पाहा. माझ्यावरचा लोभ हे पत्र वाचूनही तेवढाच राहू द्या.

आपली,
सुभद्रा

नागपूर
१४ नोव्हेंबर १९८३

चि. सौ. सुभद्रा हिस अनेक आशीर्वाद.

आमच्या लग्नात तू माझे जोडे लपवलेस, तेव्हापासून माझ्या मागे लागली आहेस असे तुझी ताई म्हणते. पण खरे लिहितो, या वेळी राग आला. प्लास्टिक विरघळत नाही, सडत नाही, त्यात विष नाही. त्याने झिंग्याला काय होणार? धानावरची फवारणी तळ्यात उतरत असेल, ते पाहा.

गावाला नको असेल तर मशीन इकडे नागपुरात कळमन्याकडे आणतो. तिथे जागा तयार आहे. मग बायांनी मला बोल लावू नये. घरी सर्वांस नमस्कार.

देवराव

जांभूळटोला
२२ नोव्हेंबर १९८३

ती. भाऊजींस सा. न.

कारखाना न्या असं मी म्हटलं नव्हतं. पण तुमच्या पत्रातली गोष्ट ह्यांच्या तोंडून गावात गेली. माझ्या शेजारी बसून तुकडे धुणारी तारा आता माझ्याशी बोलत नाही. काल सगळ्यांसमोर तिने विचारलं, की तुला झिंगे जगवायचे आहेत की आम्हाला.

ह्यांना विषमज्वर झाला तेव्हा तुम्ही सख्ख्या भावासारखे उशाशी बसून होतात. ते मी विसरले असते तर सरपंचाकडे गेले असते, तुम्हाला लिहिलं नसतं. झिंगे गेले की ते खाणारे मासे जातील. मग ढीवरांनी जाळी कशात टाकायची? आम्हाला कारखाना हवा आणि तळंही हवं. दोन्ही राहतील असं काही सुचलं तर तुम्हालाच सुचेल, हा भरवसा अजून आहे.

तुमचीच,
सुभद्रा

नागपूर
५ डिसेंबर १९८३

चि. सौ. सुभद्रास आशीर्वाद.

बाटली मी फेकणार होतो. तुझ्या ताईने ती न विचारता शेजारच्या शोभाताईंकडे नेली. त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. त्यांनी मला बोलावून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितले. केसाएवढे आतडे, आणि ते निळ्या-पिवळ्या चुऱ्याने ठासून भरलेले. मी विचारले, पण यात विष तर नाही ना? त्या म्हणाल्या, "विष नाही. पोट भरलेलं आहे म्हणून तो खात नाही. उपाशी मरतो." असे याआधी कुणी पाहिले आहे का, ते त्यांनाही सांगता आले नाही.

त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

मशीन कुठेही जाणार नाही. तळ्यापासून दूर सिमेंटच्या टाक्या बांधू. धुतलेले पाणी वाळूतून आणि जाड कापडातून गाळायचे, खाली बसलेला चुरा वितळवायला इकडे पाठवायचा. बायांचे काम वाढेल, घटणार नाही. ताराला हे माझ्या नावाने सांग. आणि तू सरपंचाआधी मला लिहिलेस, हे मी लक्षात ठेवीन.

देवराव

जांभूळटोला
१९ सप्टेंबर १९८४

ती. भाऊजी आणि ताई,
दोघांना सुभद्राचा वाकून नमस्कार.

टाक्यांतून पाणी गाळायचं काम चांगलं चाललं आहे. तळ्याच्या बुडाशी बसलेला चुरा मात्र निघत नाही. गाळात पाय घातला की निळं वर येतं. तो किती वर्षं राहील कोण जाणे. पण ओढ्याचं नवं पाणी येतं त्या बाजूला झिंगे दिसू लागले आहेत. काल तारा ओंजळ सांभाळत दारात आली. आत एक मादी होती, पोटाखाली अंड्यांचा घोस घेऊन. सासूबाईंनी पाहिलं, डोळे पुसले आणि तिला परत सोडून यायला सांगितलं. आम्ही दोघी बरोबरच गेलो.

यंदा झिंगे धरायचे नाहीत असं ढीवरपुऱ्याने ठरवलं आहे. तेव्हा दसऱ्याला आलात तर झणझणीत रस्सा नाही, वरण-भातच मिळेल. तरी या. तुम्हाला आपल्या हाताने वाढायचं म्हणून सासूबाई रोज विचारतात, पाव्हणे कधी येऊन राहिले.

वाट पाहणारी,
सुभद्रा