चांदीचं पाणी

३ ऑगस्ट २०१०
रातभर झोप नाई आली. बेडकं! शेततळ्यात इतकी बेडकं हायेत का वरात आल्यावानी बोंबलते. तरी मन खुश हाये. आपली सोताची खोली, दारापुढं पानी, सलोनीच्या बाबाले मच्छी राखाची नोकरी. माहा भाऊ पुंजादादा बडनेऱ्याहून सोडाले आलता. त्यानंच ही वही देल्ली, म्हने सातवी शिकली त लिवत जाय. मालक नत्थुजी म्हने कापसानं बुडवलं, आता मच्छी तारीन.

९ ऑगस्ट
नत्थुजीनं राजापेठहून दवाईचा कॅन आनला. म्हने याच्यात चांदी हाये, केसाहून हजारपट बारीक, मच्छीले रोग लागत नाई. सारा तळ्यात वतला. माह्या तान्ह्या सलोनीले खोकला व्हता, त म्हने तळ्यातलंच पानी दोन चमचे पाज, चांदी लेकराले सोसते. मलेबी पटलं. तिच्या पायात वाळे चांदीचेच हायेत. रोज पाजून राहिली.

१४ ऑगस्ट
पान्यातले बारके किडे कुठीच दिसत नाई. बेडकाचे पिल्लं काठाले उलटे पडले. मी बोलली त नत्थुजी हासला, म्हने बाई, तू रोट्या थापाले आली का डाक्टरकी कराले?

१७ ऑगस्ट
मच्छ्या वर येऊन राहिल्या. तोंड उघडते, मिटते. हवा गिळते. मच्छी घेनारी हलीमाबी आलती. तिनं एकीचा कल्ला उघडून पायला, आन् तशीच फेकून देल्ली. म्हने बेटी, बच्ची को इस पानी से दूर रख. मी तिले कॅनचं सांगतलं. सलोनीले थेच पानी पाजते, हे नाई सांगतलं.

१८ ऑगस्ट
हलीमाबीले कॅनचं सांगतलं, हे नत्थुजीले समजलं. फाटकाले कुलूप. माहा मोबाइल घेतला. म्हने गिऱ्हाईक तोडते, सटवी. सलोनीचे बाबा मलेच म्हनते, तोंड आवर.

२० ऑगस्ट
बेडकं नाई. एकबी नाई. आता याच्यानं झोप येत नाई.
सलोनी दूध पेत नाई. तोंड उघडते – मिटते – उघडते –

२१ ऑगस्ट
ओठ निळे पडले. दवाखान्यात नेऊ द्या म्हनलं. नत्थुजी म्हनते परवा, मच्छी इकल्यावर. सलोनीचे बाबाबी त्याच्याच बाजूनं. नत्थुजीनं दुसरा कॅन उचलून आनला, तळ्यात अजून वतते –
वही फाटकावरून रस्त्यावर फेकते. ज्याले सापडन त्यानं पुंजादादाले फोन लावा. नंबर पुठ्ठ्यावर हाये. सांगा गाडी घेऊन ये. सांगा सलोनी अजून तोंड उघडून राहिली, लवकर लावा, बाप्पा, फोन –