सातशे शेहेचाळीस वॅटचा घोडा

मिरजगाव, मंगळवार, चैत्र. दिवेलागण.

आज लिहायचंच. विहिरीवर सौर पॅनल बसले, एकूण तीन हजार वॅटचे. लिंबोणीची बाग सुकायला लागलेली, म्हणून आमच्या पोराला, दत्तूला घाई. घरातली जुनी पाच एचपीची मोटार जोडायला निघाला. "मोठी मोटार, जादा पानी," म्हणाला.

आणि मला एकदम शाळा आठवली! गुरुजींनी कवितेच्या चालीवर म्हणवून घेतलेलं, सातशे शेहेचाळीस वॅट, एक अश्वशक्ती. म्हणजेच एक एचपी. मी बांधावरच म्हणायला लागलो. मग पाच घोड्यांना किती? सदतीसशे तीस. पॅनल देणार फार तर तीन किलोवॅट, तेही कडक उन्हात. कसं जमायचं? तीन घोड्यांना मात्र बावीसशे अडतीस, म्हणजे भागतंय की!

"अवो, कविता म्हनून मोटार चालती व्हय?" आमची ही हसली.

"चालते!" केवढ्यांदा ओरडलो मी. चुकलो असतो तर?

दत्तू एरवी माझं ऐकत नाही. आज मात्र चुलत्याकडची तीन एचपीची मोटार घेऊन आला. बटण दाबलं. पाणी आलं, थेट शेवटच्या लिंबोणीपर्यंत गेलं. सातशे शेहेचाळीस, सातशे शेहेचाळीस... मी आपला पुटपुटतोच आहे.

चिखलातूनच दत्तूनं हाक मारली, "आबा, खालच्या बोरवर किती एचपीची बसवू?"

मला विचारलं त्यानं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! सकाळी सांगतो म्हणालो, पण आकडा आत्ताच मांडून बसलोय.