ओढ्याकाठचे एकेचाळीस तुकडे

प्रिय भिंगरी,

तुझं आमंत्रणाचं कार्ड सोमवारी आलं. टपालवाल्याने ते माझ्या हातात द्यायच्या आधी संशोधन केंद्राच्या कचेरीत वाचून दाखवलं, त्यामुळे मला कळायच्या आत झाडूवालीपर्यंत बातमी पोचली होती. पुढच्या महिन्यात पलीकडच्या जंगलात तू लायकेनचे, म्हणजे झाडाच्या सालीवर वाढणाऱ्या आपल्या ‘कोबी’चे, तीन हजार तुकडे झाडांना बांधणार, सगळे ओढ्याच्या काठाकाठाने, आणि पहिला तुकडा बांधायला पाहुणी म्हणून आत्याला बोलावलं आहेस. नववी नापास बाई प्रमुख पाहुणी, म्हणून सगळे हसले, पण कौतुकाने. मी येणार की नाही ते शेवटी लिहिते. तुला कुठलंही पुस्तक मागून वाचायची खोड आहे, पण हे पत्र पुढून वाच. सोबत पत्र्याचा एक बिस्किटाचा डबा पाठवला आहे, तो पत्र संपेपर्यंत उघडू नकोस. एवढं तरी ऐक माझं.

इथलं सगळं ठीक आहे. माझा गुडघा कुरकुरतो, पण चढ चढतो. काचघराच्या तीन फुटक्या काचा अखेर बदलल्या. नवे साहेब तरुण आहेत, दर वाक्यात दोनदा ‘बघू’ म्हणतात. आपली म्हातारी, ते सगळ्यात जुनं झाड, अजून उभी आहे. तिच्या अंगावरचा कोबी काल पाऊस पडून गेल्यावर असा हिरवागार झाला होता की माळीदादाही थांबून बघत राहिले, आणि ते काही कशापुढे थांबणारे नव्हेत. तू सहा वर्षांची असताना तुझा बाबा तुला सुट्टीत इथे घेऊन आला होता, आठवतं? त्या दिवशी ऊन होतं. म्हातारीच्या बुंध्यावर तपकिरी, चुरगळलेले कागद कुणी चिकटवलेत असं तुला वाटलं आणि तू ते काढायला निघालीस. मी तुझा हात धरला आणि तांब्याभर ओढ्याचं पाणी त्यावर टाकलं. दोन-तीन मिनिटांत कागदाचा पाला झाला. तू इतकी गप्प झालीस की बाबा म्हणाला, हिला काही चावलं की काय.

तू आता या कोबीवर मोठमोठे निबंध लिहितेस, पण मी त्याला हाताने ओळखते. दगडफुलाच्या गोतावळ्यातलाच हा, फक्त अंगाने दांडगा. बुरशी घर बांधते, शेवाळं उन्हावर रांधतं, आणि दोघं मिळून असं काही होतात की ते ना बुरशी ना शेवाळं. वरून कोबीच्या पानासारखी खळगे-उंचवटे, आतून फुप्फुसासारखी जाळी. धूर अजिबात खपत नाही. रस्त्याकडेच्या झाडावर मेला तरी बसणार नाही. त्याला जुनं, रुंद पानांचं झाड हवं, खडबडीत साल हवी, आणि घाई बिलकूल नको. वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वाढला तर मी पाठ थोपटते. म्हातारीवरचा तळहाताएवढा तुकडा माझ्या नोकरीपेक्षा जुना आहे आणि माझी नोकरी एकतीस वर्षांची.

नोकरीच्या पहिल्या वर्षाची गोष्ट तुला सांगितली होती, पुन्हा सांगते, तिचं काम आहे. तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी कोबी काचघरात वाढवायचा घाट घातला. दीडशे तुकडे, प्रत्येकाला चिठ्ठी, आणि धुकं सोडणारं यंत्र आठ प्रहर चालू. मी नवीन होते. साहेब म्हणाले पाणी कमी पडू देऊ नकोस, मी पडू दिलं नाही. यंत्र बंद पडलं तर हाताने फवारायचे. पाच आठवड्यांत सगळे तुकडे मऊ पडले, सातव्याला बोटाला चिकटायला लागले. वास अजून नाकात आहे. एकच तुकडा वाचला, टेबलाखाली पडून विसरला गेलेला. तो सकाळी दवाने ओला व्हायचा आणि दुपारी खडखडीत वाळायचा. तेव्हापासून मला कळलं की याला भिजणं लागतं तेवढंच वाळणं लागतं. सतत ओला ठेवला की तो श्वास कोंडून मरतो. साहेबांनी अहवालात यंत्राचा दोष लिहिला.

पाच वर्षांपूर्वी तू शिकून-सवरून इथेच आलीस तेव्हा मी आठवडाभर कॉलर ताठ करून फिरत होते. अगं, माझ्या भावाची मुलगी, आणि माझ्याच कोबीवर संशोधन. तू साठ तुकडे केलेस, अंगठ्याच्या नखाएवढे. प्रत्येकाचा आकार पारदर्शक कागदावर काढून घेतलास. नायलॉनच्या जाळीत घालून तीस ओढ्याकाठच्या कोवळ्या झाडांवर ठोकलेस, जिथे धुकं हटतच नाही, आणि तीस वर उतारावर, जिथे दुपारी दोन तास ऊन येतं. तुझी खात्री होती की ओढ्याचे जगतील. मी काचघराची गोष्ट सांगितली. तू हसून म्हणालीस, आत्या, ते काचघर होतं, जंगलाचं गणित वेगळं असतं. तू वाईट बोलली नाहीस. पण मला ते लागलं. शिकलेल्या पोरीपुढे आपण काय बोलायचं, म्हणून मी ओठ शिवून घेतले. खरं सांगू, थोडी वाटही पाहिली की पडू दे हिला तोंडावर, मग येईल विचारायला. हा माझा पहिला गुन्हा, आणि तो नुसता मनातला नव्हता, ठाऊक असून न सांगण्याचा होता.

मग वर्ष भरायच्या आत बाबा गेला. तू दोन महिने घरी गेलीस. निघताना तू बसच्या पायरीवर उभी राहून मला म्हणालीस की माझ्याकडे आता हे ओढ्याकाठचं तेवढं उरलंय, लक्ष ठेव. माझाही तो एकुलता भाऊ होता. तू घरी रडत होतीस, मी इथे जाळ्या मोजत होते. दर सोमवारी ओढ्याला जायचं, पाठीवर पिशवी, खिशात भिंग. तिसऱ्या सोमवारी सात जाळ्यांत मऊ पडलेलं मला दिसलं. सहाव्याला बारा. तू यायच्या आदल्या दिवशी एकोणीस. वरच्या उतारावर मात्र तीसपैकी अठ्ठावीस कडक वाळून मजेत होते, म्हणजे जिवंत होते. मी ओढ्यातल्या दगडावर बसले आणि तुझं तोंड डोळ्यांपुढे आणलं. बापाच्या पाठोपाठ हेही गेलं, असं तुला सांगायला माझी जीभ रेटेना.

दुसऱ्या दिवशी तू बॅग खोलीत न टाकता तशीच ओढ्याला पळालीस. तीसच्या तीस हिरवे. कागद लावून मापलेस आणि काही तर वाढलेही होते. तू माझ्या गळ्यात पडून रडलीस, दोन महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटतंय म्हणालीस. तुझ्या पाठीवरून हात फिरवताना मी समोरच्या झाडाकडे बघत होते. पुढच्या दोन्ही वर्षांची मोजणी अशीच छान गेली. तुझा निबंध छापून आला, तुला पुरस्कार मिळाला, त्याचा फोटो कचेरीत लावला आहे. गेल्या वर्षी जाताना तू विचारलं होतंस की म्हातारीच्या उत्तरेच्या अंगावर एवढं टक्कल कशाने पडलं. मी म्हणाले, गोगलगायींनी खाल्लं. त्या बिचाऱ्यांना बोलता येत नाही, म्हणून कुणी जबाबही घेतला नाही.

आता डबा उघड. आत कागदाच्या एकेचाळीस पुड्या आहेत. प्रत्येकीवर झाडाचा क्रमांक आणि तारीख आहे, माझ्याच वाकड्या अक्षरात. ओढ्याकाठी मेलेले तुझे तुकडे आहेत ते. पहिल्या वर्षी एकोणीस, दुसऱ्या वर्षी तेरा, तिसऱ्या वर्षी नऊ. मी दर वेळी तुझ्या मोजणीआधी म्हातारीवरून ताजे काढून तुझ्या कागदावर ठेवून कापायचे आणि रेषेबाहेर केसभर जास्त ठेवायचे, म्हणजे वाढलेले दिसावेत, आणि मेलेल्यांच्या जागी जाळीत घालायचे. वर्षाला चार मिलिमीटर असं तू छापलंस ना, ते माझ्या कात्रीचं माप आहे. पहिल्यांदा तुझ्या रडण्याला घाबरून केलं, मग पकडली जाईन या भीतीने करत राहिले. मेलेले फेकून देववले नाहीत, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. कोबीला काय हवं ते मला एकतीस वर्षं ठाऊक होतं आणि तुला काय हवं ते कळलं नाही. तुलाही मी वाळू दिलं नाही. तुझी आत्या तुझ्याशी खोटं वागली, आणि याला दुसरं नाव नाही. पण त्या जंगलात कोबी असलेली म्हातारी झाडं चारच उरली आहेत. तीन हजार तुकडे त्यांच्याच अंगावरून निघणार, आणि एकदा काढलेलं तिथे लवकर भरून येत नाही. ओढ्याकाठी बांधलेस तर पुढच्या वर्षी तुझ्याकडे ना तुकडे असतील ना झाडांवर काही, आणि तिथे कात्री घेऊन मागे फिरायला मी नसेन. नव्या साहेबांना मी आज सकाळीच सगळं लिहून दिलं. त्यांनी एकदाही ‘बघू’ म्हटलं नाही. तुझं नाव त्यात फसवली गेलेली म्हणून आहे, आणि ते खरंच आहे. निबंध मागे घ्यावा लागेल, पुरस्काराचं काय होईल मला माहीत नाही. ओरड माझ्यावर, पोटभर ओरड, किंवा बोलूच नकोस, तेही मी सोसेन. पण उतारावरचे तुझे तीस तुकडे मी कधीच बदलले नाहीत. कालच मोजून आले. सव्वीस जिवंत आहेत, आणि दोघांच्या कडेला भुरकट पूड धरली आहे. त्या पुडीतून नवे उगवतात हे तूच मला भिंगातून दाखवलं होतंस. ते सव्वीस खरे आहेत आणि ते तुझे आहेत. त्यांच्यापासून सुरू कर. एवढं वाचूनही बोलावलंस तर मी पहिला तुकडा बांधायला येईन, पण वर उतारावर. दुपारचं ऊन कुठे पडतं ते मी दाखवीन, आणि या वेळी तू हसलीस तरी मी गप्प बसणार नाही.

चुकलेली, तरी तुझीच,
आत्या